खडी आणि खडीसाखर

आठवी ब. संस्कृतचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा, डोळे पेंगुळलेले असायचे. त्या दिवशी बाईंनी टेबलावर दोन पुड्या सोडल्या. एकीत खडीसाखर, दुसरीत शाळेबाहेर रस्त्याचं काम चालू होतं तिथली मूठभर खडी. फळ्यावर लिहिलं, ‘शर्करा’. विचारलं, “यातली शर्करा कुठली?” सगळ्या वर्गाने साखरेकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, “दोन्ही. पण आधीची ती खडी.”

शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे. उसाचा रस आटवून त्याचे दाणे धरू लागले, तेव्हा त्या दाण्यांना हेच नाव मिळालं. प्राकृतात ती सक्करा झाली, आपल्याकडे साखर. म्हणजे साखरेच्या नावात खडा होताच. तो आपण विसरलो आणि ‘खडी’ पुन्हा जोडली! सुश्रुतसंहितेत तर मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हटलंय. बाईंनी जराही न संकोचता ‘मुतखडा’ हा शब्द फळ्यावर लिहिला. शब्दाला लाजायचं नसतं, हे मी तेव्हा शिकलो.

मग कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली उसाच्या गोड पदार्थांची यादी आली: फाणित म्हणजे आटवलेला पातळ रस, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. खंड म्हणजे तुकडा. फारसीत त्याचा कंद झाला, तिथून अरबीत, पुढे युरोपात, आणि इंग्रजांची कँडी होऊन तो आपल्याच दुकानातल्या बरणीत परत आला. हे ऐकताना अंगावर काटा आला होता, आजही येतो.

तास संपताना बाईंनी खडीसाखर वाटली. माझ्या वाट्याला दोऱ्याचा खडा आला. घट्ट पाकात दोरा सोडून ठेवला की त्याला धरून खडे वाढतात. उजेडात धरला तर एकेक कड कापल्यासारखी सरळ. जिभेवर तो विरघळत गेला आणि शेवटी खरबरीत दोरा तेवढा उरला.

“बाई, मत्स्यंडिका म्हणजे?” मी विचारलं, तोच घंटा झाली. “ग्रंथालयात आपट्यांचा संस्कृत कोश आहे. बघ,” एवढंच म्हणाल्या. तो जाड कोश मी पहिल्यांदा उघडला तो त्या संध्याकाळी. साखरेचाच एक प्रकार. शब्द फोडून पाहिला: मत्स्य, अंड. घरी आलो तर आई विळीवर मासे साफ करत होती. ताटलीत गाभोळी काढून ठेवली होती, पिवळसर, दाण्याला दाणा लागलेली, थेट रवाळ काकवीसारखी.