बेराचा आलेख, आय-८०० आणि मावशींच्या खुणा

सोमवार

भारतातून कमी ऐकू येणारं मूल दत्तक घेताना संस्थेच्या फाइलमधली ओळ ठरलेली असते: दोन्ही कानांना तीव्र श्रवणदोष, बाकी तब्येत ठीक. अमेरिकेतली मराठी जोडपी एवढ्यावर रात्र रात्र बोलत बसतात, स्वभाव कसा आहे विचारतात, फोटो मोठा करून बघतात. करावंच. पण त्याआधी बेराचा (आवाज ऐकवून कानाच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) मूळ आलेख मागवावा. निष्कर्षाचा कागद नव्हे, आलेख.

बेरा बहुतेक ठिकाणी 'क्लिक' आवाजावर केलेली असते आणि तो आवाज मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातलं ऐकणं तपासतो. '९० डेसिबलला प्रतिसाद नाही' असं लिहिलेलं असलं, तरी ५०० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं शिल्लक असू शकतं. ते कळायला एएसएसआर किंवा टोन-बर्स्ट बेरा, म्हणजे प्रत्येक स्वरपट्टी सुटी तपासणारी चाचणी, लागते. टिम्पॅनोग्राम (कानाच्या पडद्याच्या आणि मधल्या कानाच्या तपासणीचा आलेख) जोडलेला आहे का, तेही बघावं. शिशुगृहात सर्दी एकाला झाली की सगळ्यांना होते. मधल्या कानात पाणी साचलेलं असताना चाचणी केली, तर श्रवणदोष आहे त्याहून जास्त दिसतो, आणि ओएईचा (आतल्या कानातून परत येणारा आवाज टिपणारी चाचणी) प्रतिसाद तर बहुधा मिळतच नाही. टिम्पॅनोग्राम सपाट असेल तर तो अहवाल बाजूला ठेवून सर्दी उतरल्यावर पुन्हा तपासायला सांगावं.

उलटंही होतं. ओएई उत्तम आणि बेरा सपाट. म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत पोचतो, पण पुढे नसेतून तो नीट जात नाही. ही ऑडिटरी न्यूरोपॅथी. जन्मानंतर कावीळ फार चढलेल्या किंवा बरंच आधी जन्मलेल्या मुलांत ती जास्त सापडते. अशा मुलाला श्रवणयंत्राचा किती उपयोग होईल, हे बेराच्या आकड्यावरून सांगता येत नाही. यंत्र लावून काही महिने बघावंच लागतं.

म्हणून जन्माचा इतिहास खोदून विचारावा. काचेच्या पेटीत किती दिवस होतं, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं दिली होती का, मेंदुज्वर झाला होता का. मेंदुज्वराचा उल्लेख दिसला तर एमआरआयला अजिबात उशीर करू नये. त्या आजारानंतर कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखाच्या) आत हाड भरू लागतं, काही मुलांत अवघ्या काही आठवड्यांत, आणि मग कॉक्लियर इम्प्लांटची (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राची) तार आत सरकत नाही. दुसरी गोष्ट ईसीजी. जन्मतः ठार बहिऱ्या मुलांपैकी अगदी थोड्यांना हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी काळ लांबलेला असतो. भूल देण्याआधी हे माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं. ईसीजी स्वस्त आहे, कुठेही निघतो, तरी फाइलमध्ये तो सहसा नसतो.

बुधवार

कागदांचा क्रम. इथे चूक झाली की महिने जातात, आणि भाषेच्या वयातल्या मुलाचे महिने फार महाग असतात.

अमेरिकेतून आय-८००ए हा अर्ज (परदेशातलं मूल दत्तक घ्यायला आपण पात्र आहोत, याच्या मंजुरीसाठी) फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो. जोडप्यातला एकजण नागरिक असला तर चालतं, पण दोघंही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असतील तर हा रस्ताच बंद. काराकडे (भारताची केंद्रीय दत्तक संस्था) नाव नोंदवून झाल्यावर हे कळणारी जोडपी कमी नाहीत. दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारात आहेत, भारतात तो २००३ पासून लागू आहे आणि अमेरिकेत २००८ पासून, त्यामुळे आधी दत्तक घेऊ, व्हिसाचं मग बघू, असं करता येत नाही.

पहिला दगड गृह-अध्ययन अहवालाचा, म्हणजे दत्तक घेणाऱ्या कुटुंबाच्या तपासणीचा. त्यात कोणत्या वयाचं आणि कोणत्या विशेष गरजेचं मूल चालेल, हे लिहिलेलं असतं. तिथे 'सौम्य ते मध्यम श्रवणदोष' असं लिहून घेतलं आणि मूल ९० डेसिबलच्या पलीकडचं निघालं, तर अहवालात दुरुस्ती, मंजुरीतही दुरुस्ती, पुन्हा रांग. सुरुवातीलाच 'कोणत्याही तीव्रतेचा श्रवणदोष, इम्प्लांटची गरज धरून' असं लिहून घ्यावं. आय-८००एच्या मंजुरीची मुदत १५ महिने असते.

मूल स्वीकारल्यावर आय-८००, म्हणजे त्या ठरावीक मुलासाठीचा अर्ज, भरायचा. त्याला तात्पुरती मंजुरी मिळाली की दिल्लीचा अमेरिकन दूतावास हेग कराराच्या कलम ५ चं (दत्तक पुढे न्यायला हरकत नाही, असं) पत्र देतो, त्यावर कारा ना-हरकत प्रमाणपत्र देते, आणि मग दत्तक आदेश. बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून कायद्याने हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा आहे. ना-हरकत मिळाल्यावर भारतात राहून मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याकडे आणता येतं. रजा आणि पैसा जमत असेल तर हे जरूर करावं. ते दिवस मुलाचे असतात, कचेऱ्यांचे नव्हे.

शुक्रवार

पुण्यात मूल भेटतं तेव्हा कानामागे यंत्र असतं, पण कानातला साचा सैल झालेला. लहान मुलाचा कान वाढतो, काही महिन्यांत साचा अपुरा पडतो, आवाज बाहेर निसटतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. शिट्टीचा त्रास नको म्हणून कुणीतरी आवाज कमी करून ठेवतं. मग मूल 'यंत्र लावूनही ऐकत नाही' असं ठरतं! पोचल्याबरोबर नवे साचे करायला टाकावेत, मऊ सिलिकॉनचे, आणि जादा एक जोड.

बॅटरी नारिंगी स्टिकरची १३ नंबरची की निळ्या स्टिकरची ६७५, हे आधी विचारून पुरेशी सोबत न्यावी. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग आत घालायची. बॅटरीच्या झाकणाला कुलूप हवंच, कारण गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिका जाळते. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब धरतात आणि आवाज बंद पडतो. रात्री सिलिकाच्या डबीत ठेवलं की सुटतं. रोज सकाळी स्टेथोक्लिपने (यंत्राला जोडून त्याचा आवाज ऐकायची नळी) यंत्र स्वतः ऐकावं, मग मुलाच्या मागे बसून सहा आवाज काढावेत: म, ऊ, आ, ई, श, स. काल 'श'ला वळलेलं मूल आज वळलं नाही, तर आधी बॅटरी आणि नळी बघावी, हट्टीपणा नंतर.

इम्प्लांट आधीच झालेलं असेल तर इम्प्लांट कार्ड, आतल्या आणि बाहेरच्या भागाचे क्रमांक, शस्त्रक्रियेचा अहवाल, न्यूमोकोकल लशीची नोंद आणि मॅपिंगची (यंत्राच्या सेटिंगची) प्रत, सगळं मागून घ्यावं. भारतात मिळणाऱ्या काही मॉडेलांना अमेरिकेत मान्यता नसते. तिथल्या ऑडिऑलॉजिस्टकडे ते जोडण्याची सोय आहे का, हे ईमेलने निघण्याआधीच विचारलेलं बरं.

पण या सगळ्याहून मोलाची वस्तू कुठल्याच फाइलमध्ये नसते. संस्थेतल्या मावश्या त्या मुलाशी ज्या खुणा करतात, त्या. पाणी, भात, शू, झोप, दुखतंय, नको, बाहेर जाऊ. परवानगी काढून दहा-पंधरा खुणांचे छोटे व्हिडिओ करून घ्यावेत. मुलाची आजवरची सगळी भाषा तेवढीच असते आणि विमानात बसल्यावर तिचा अर्थ कळणारं माणूस जवळ नसतं. अमेरिकेत पुढे एएसएल (अमेरिकन सांकेतिक भाषा) येईल, भारतीय सांकेतिक भाषेशी तिचं नातं फारसं नाही. भारतीय मुळाक्षरं दोन हातांची, एएसएलची एका हाताची. म्हणून 'आत्ता गोंधळ नको, तिकडे गेल्यावर शिकवू' असं लोक म्हणतात. माझ्या मते हा सल्ला चुकीचाच. पहिल्या दिवशी त्या मुलाला पाणी मागता आलं पाहिजे. मावशींची खूण आणि शेजारी एएसएलची, दोन्ही चालवाव्यात; काही आठवड्यांत मूल स्वतःच एक निवडतं. इम्प्लांट करायचं ठरलं असलं तरी खुणा थांबवू नयेत. शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत मुलाला कोणत्याच भाषेशिवाय ठेवणं, ही यातली सगळ्यात महागडी चूक.

रविवार

आदेश आला की हेग कराराच्या कलम २३ चं (दत्तक करारानुसार झाल्याचं) प्रमाणपत्र, नव्या नावाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट. आपल्याकडची अडचण मधल्या नावाची. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे येतं, आय-८०० वर ते नसतं, आणि पासपोर्ट अडकतो. आदेशाच्या मसुद्यातच नावाचं इंग्रजी स्पेलिंग तपासून घ्यावं.

पुढची पायरी दिल्ली, व्हिसासाठी. श्रवणदोषामुळे व्हिसा नाकारत नाहीत. अडकतं ते क्षयाच्या तपासणीत: २ ते १४ वर्षांच्या मुलाची रक्तचाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की एक्स-रे, आणि त्यात काही दिसलं तर थुंकीचं कल्चर, म्हणजे आठ आठवडे. लशी अपुऱ्या असल्या तर १० वर्षांच्या किंवा त्याहून लहान दत्तक मुलासाठी डीएस-१९८१ हे प्रतिज्ञापत्र चालतं.

प्रवासाचं थोडक्यात. विमानतळावर हात सोडायचा नाही, मागून मारलेली हाक पोचत नाही. झोपलेल्या मुलाला मागून हलवून उठवू नये. दिवा लावावा, समोर यावं, मग खांद्याला हात लावावा. रात्री यंत्र काढलं की आवाज जातो आणि दिवा घालवला की खुणाही जातात, मूल दोन्हीकडून तुटतं. दिवा राहू द्यावा. घर, गाडीतली सीट, आजी-आजोबा, विमान यांचे फोटो छापून न्यावेत, फोनवरचे नकोत. ते मूल हातात धरून झोपतं.

तिकडची दोन घड्याळं दत्तक आदेशाच्या आणि नोंदणीच्या तारखेपासून चालू होतात. नोकरीच्या आरोग्य विम्यात मुलाचं नाव घालायला साधारण ३० दिवस असतात, आणि ते दिवस पुण्यात-दिल्लीतच संपू शकतात. म्हणून भारतातूनच अर्ज करावा. तीन वर्षांखालच्या मुलाला सरकारी अर्ली इंटरव्हेन्शनकडे (लहान मुलांसाठीच्या मदत-योजनेकडे) नोंदवल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि योजनेची पहिली बैठक व्हायला हवी, असा नियम आहे. तिसरा वाढदिवस ४५ दिवसांहून जवळ असेल तर थेट शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जावं लागतं. इथे एक खाच आहे. सापडलेल्या मुलांची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते आणि ती काही महिन्यांनी इकडेतिकडे असू शकते. दात आणि हाडं बघून डॉक्टरांनी पुढे वय वेगळं धरलं तरी सरकारी हिशेब दाखल्यावरच्या तारखेनेच होतो.