खांद्यावरची गाठ

ननूंच्या उजव्या खांद्यावर, मानेपासून चार बोटांवर, लिंबाएवढी गाठ आहे. पहिल्याच आठवड्यात आंघोळ घालताना ती माझ्या हाताला लागली. मऊ, दाबली की सरकणारी, दुखत नव्हती. मी नोंदवहीत लिहून ठेवलं आणि डॉक्टर घरी आले तेव्हा दाखवलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. हे नवे, माल्टाबाहेरचे. त्यांनी गाठ चाचपून पाहिली आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

"येशूला उचलायला लागलो तेव्हापासून," ननू म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वयाची नव्वदी आलेली, त्यामुळे त्यांच्या मनात काय आलं असेल ते कळत होतं. तेवढ्यात ननूंची मुलगी आतून एक जुना फोटो घेऊन आली. फोटोत जाड लाकडी दांड्याखाली उभे असलेले तरुण ननू, मान एका बाजूला कललेली, आणि वर पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती. इथल्या मिरवणुकांमध्ये वर्षानुवर्षं मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्यांच्या खांद्यांवर दांड्याच्या दाबाने अशी गाठ येते. डॉक्टर म्हणाले, राहू द्या. फक्त वरची कातडी फुटत नाही ना, एवढं बघा.

मी रत्नागिरीकडची. माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटावर घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते. ननू म्हणजे माल्टीजमध्ये आजोबा. घरातले सगळे तसं म्हणतात, मीही तेच म्हणते. ते मला 'बिन्ती' म्हणतात, म्हणजे पोरी. घर बिरगुमध्ये. ग्रँड हार्बर या मोठ्या बंदरात घुसलेलं हे एक अरुंद भूशिर. टोकाला सेंट अँजेलोचा किल्ला, जमिनीकडून बुरुज आणि खंदक. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की काही ठिकाणी व्हीलचेअर गेली की दुसऱ्या माणसाला दारात चढून उभं राहावं लागतं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ननूंनी मिरवणूक बघायला जायचा हट्ट धरला. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते फारसे घराबाहेर पडले नव्हते. पण यंदा नातू पहिल्यांदा दांड्याखाली उभा राहणार होता, आणि ते त्यांना खिडकीतून बघायचं नव्हतं. मुलगी घाबरत होती. गर्दी, धक्काबुक्की, बँडचा आवाज. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण निर्णय माझ्या सकाळच्या तपासणीवर सोडला.

रविवारी सकाळी रक्तदाब १४२ वर ८०. नाडी ७६. साखर ठीक. मी पाण्याची बाटली, गोळ्या, जास्तीचे कपडे घेतले, खुर्चीचे ब्रेक दोनदा तपासले आणि आम्ही निघालो.

वाटेत ननू बोलत होते, आणि मला त्यांना थांबवायचं नव्हतं. या गावात इतिहास सांगायला पाट्या आहेतच, पण खुर्चीतला माणूस बोट दाखवून सांगतो तेव्हा ऐकणं वेगळं होतं. इन्क्विझिटरच्या वाड्यापाशी त्यांनी थांबायला लावलं. १५७४ पासून १७९८ पर्यंत इथे धर्मन्यायालय होतं, आत कोठड्या आहेत. ननूंना मात्र त्यात रस नव्हता. त्यांना आठवत होतं युद्ध. जानेवारी १९४१ मध्ये 'इलस्ट्रियस' ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी जवळच्या गोदीत आली आणि तिच्यावर नेम धरून जर्मन विमानांनी टाकलेले बॉम्ब आसपासच्या गावांवर पडले. सेंट लॉरेन्स चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे पूजेचं साहित्य ठेवायच्या खोलीत, आसऱ्याला गेलेली माणसं तिथेच मेली. पुढे खडकात खोदलेल्या आश्रयस्थानात ननूंच्या आईने त्यांना महिनोन् महिने झोपवलं. भिंतींतून पाणी पाझरायचं. चौकातला उंच घड्याळाचा मनोरा १९४२ मध्ये बॉम्बने पडला. ननू त्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाले, "वेळ कळायची, ती तिथून."

त्या चौकाचं नाव विजय चौक. तिथे १७०५ मध्ये उभारलेलं स्मारक १५६५ च्या वेढ्याचं आहे. मेमध्ये उस्मानी आरमार आलं. २३ जूनला समोरचा सेंट एल्मोचा किल्ला पडला, तरी बिरगु पडलं नाही. सेंट अँजेलोपासून पलीकडच्या सेंग्लियापर्यंत पाण्यात साखळदंड ताणला होता, म्हणून गलबतं आत घुसू शकली नाहीत. ८ सप्टेंबरला वेढा उठला आणि गावाला 'व्हित्तोरिओसा', म्हणजे विजयी, हे नाव मिळालं. बिरगु लढवणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचे तेव्हाचे प्रमुख ला व्हालेत यांची तलवार आणि टोपी आजही चर्चशेजारच्या छोट्या प्रार्थनागृहात ठेवलेली आहे.

माझं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकतं. १५३० मध्ये आलेले हे सेंट जॉनचे सरदार मुळात रुग्णसेवेचं व्रत घेतलेले. आल्यावर दोनच वर्षांत, १५३२ मध्ये, त्यांनी बिरगुत इस्पितळ बांधायला घेतलं. पुढे ते व्हॅलेटा या नव्या राजधानीत गेले, तेव्हा इस्पितळही हललं. जुन्या इमारतीत आता बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे. रोज कामावर येताना मी त्या भिंतीजवळून जाते. लढाईच्या गोष्टी सगळे सांगतात. या गल्लीत माझ्या कामाला जवळपास पाचशे वर्षं झाली आहेत, हे मी स्वतःलाच सांगते.

चर्चजवळ पोचलो तेव्हा गर्दी दाटली होती. लोकांनी ननूंना ओळखलं आणि वाट दिली. मी खुर्ची भिंतीला लावून ब्रेक लावले. मुलांच्या हातात फिगोल्ला होते, बदामाचं सारण भरलेली, वरून साखरेचा रंगीत थर दिलेली मासा-कोकराच्या आकाराची ईस्टरची मोठी बिस्किटं. मूर्ती समोर आली की मुलं ही बिस्किटं आशीर्वादासाठी उंच धरतात.

मूर्ती आली. भोई थांबले, दांड्यांखाली लाकडी टेकू लागले, दगडावर खट्‌खट् आवाज झाला. नातू मागच्या जोडीत होता, मान लाल झालेली. बँड वाजू लागला, टेकू निघाले, आणि भोयांनी मूर्ती घेऊन धाव घेतली. आमच्याकडे शिमग्यात पालखी नाचवतात तेव्हा अंगात जे भरतं, तेच होतं ते. लोक ओरडत होते, टाळ्या पिटत होते.

माझी बोटं ननूंच्या मनगटावर होती. नाडी १०८ ला गेली. पण मी बघत होते त्यांचा खांदा. उजवा खांदा वर उचलला गेला, मान डावीकडे कलली, दोन्ही पाय पायपट्टीवर घट्ट रोवले गेले. मोडलेल्या खुब्याच्या पायानेसुद्धा जोर घेतला. फिजिओथेरपिस्ट महिनाभर जो स्नायू जागा करायला धडपडत होते, तो माझ्या डोळ्यांदेखत ताठ झाला. मूर्ती चर्चच्या दारात शिरेपर्यंत ननू त्या दांड्याखाली होते. मग खांदा सैल पडला, मी पाणी पाजलं, पाच मिनिटांनी नाडी ८८ वर आली.

नातू घामाघूम होऊन धावत आला. ननूंनी शाबासकी दिली नाही. "सदरा काढ," म्हणाले. भर रस्त्यात त्याच्या खांद्यावर अंगठा दाबून पाहिला. कातडी सोलवटली होती, आणि सोलवटली होती ती नको त्या जागी, थेट हाडावर. "तू शेजारच्यापेक्षा उंच आहेस, म्हणून सगळा भार तुझ्यावर येतो. पुढच्या वर्षी तुझ्या उंचीच्या जोडीदाराबरोबर उभा राहा, आणि दांडा मानेकडे घे."

घरी आल्यावर त्यांनी अर्धी फिगोल्ला खाल्ली, मी नको म्हणत असताना. संध्याकाळी साखर वाढलेली निघाली, ती मुलीला सांगितली. नातवाच्या खांद्यावर मलम लावलं. नोंदवहीत फिजिओथेरपिस्टसाठी लिहिलं: आज उजव्या पायाने स्वतःहून जोर दिला, उद्यापासून उभं राहण्याचा व्यायाम सुरू करता येईल का ते पाहावे.

मंगळवारी ते आले. ननू चौकट धरून वीस सेकंद उभे राहिले.