रिकामी कुंडी

आमच्या गच्चीवर लहानमोठ्या चाळीसेक कुंड्या आहेत. पाहुणे येतात, चहा होतो, मग 'चला, बाग दाखवा' म्हणत सगळे वर येतात. मोगरा बघतात, ड्रममधल्या लिंबाला हात लावून 'धरतात का हो लिंबं?' विचारतात, कढीपत्त्याची एखादी डहाळी न विचारता मोडून पर्समध्ये टाकतात. (त्याबद्दल माझी तक्रार नाही. कढीपत्ता मागून न्यायचाच नसतो.) आणि शेवटी पाण्याच्या टाकीशेजारच्या कुंडीपाशी थबकून म्हणतात, "ही रिकामी का ठेवलीय?"

ती रिकामी नाही. तिच्यात मे फ्लॉवरचा, म्हणजे मे महिन्यात चेंडूसारखं लाल फूल देणाऱ्या झाडाचा, कांदा झोपलेला असतो. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मातीवर काडीसुद्धा दिसत नाही, त्यामुळे हे कुणाला पटत नाही.

हा कांदा मला चिपळूणच्या मावशीनं दिला, त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. कोकमं, सांडगी मिरच्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा ऐवज. "भाजीत चिरू नकोस हो, विषारी असतो," असं तिनं तीनदा बजावलं. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी पिशवी रिकामी केली आणि तो व्यवस्थित कांद्या-बटाट्यांच्या टोपलीत ठेवून दिला. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. पोह्यांसाठी हातात घेतलेला कांदा जरा जास्तच जड लागला म्हणून, नाहीतर हा लेख लिहायला मी नसते.

मावशीच्या परसात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर मे महिन्यात अशा लाल चेंडूंची रांगच लागते. तिथं त्यांना कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, विचारतही नाही. आफ्रिकेतून आलेलं हे झाड, पण कोकणातल्या परसात ते असं रुळलंय की मावशीला ते आपल्याच गावचं वाटतं. लावायची रीत विचारली तर ती म्हणाली, "लाव आणि विसर."

पहिला भाग मला जमला.

पहिला हिवाळाभर मी त्याला रोज पाणी घातलं. दर आठ दिवसांनी माती उकरून बघितलं. कुजला कसा नाही, याचं आजही आश्चर्य वाटतं. पहिल्या मे महिन्यात काही आलं नाही, दुसऱ्यात नुसती पानं आली. तिसऱ्या वर्षी मात्र एका सकाळी मातीतून बोटभर कोंब वर आला होता. आठवडाभरात दांडा वीतभर झाला आणि वर लालभडक गोळा फुलला. एका गोळ्यात शंभराच्या वर बारीक फुलं असतात. चांगल्या पोसलेल्या कांद्याला 200 पर्यंतही येतात. मी मोजायला बसले होते, साठाच्या पुढे हिशेब चुकला.

पण यातली गंमत अशी की तो फुलतो तेव्हा बघायला कुणी नसतं. वर्षभर 'रिकामी का' विचारणारी सगळी मंडळी मे महिन्यात गावाला गेलेली असतात. फोटो पाठवले की अंगठा येतो. खालच्या काकूंनी एकदा 'छान! कुठल्या हॉटेलातलं?' असंही विचारलं होतं. आठ-दहा दिवसांत चेंडू मलूल होतो, आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराला माणसं परततात तेव्हा कुंडीत नुसती रुंद हिरवी पानं असतात. "अरे वा, हळद लावली का?"

तसा उन्हाळा बागेत करमणुकीचा नसतो. मार्चच्या शेवटापासून गच्चीवरची माती अशी तापते की चप्पल काढायची सोय नाही. पाणी सकाळी सातच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर. संध्याकाळी पाइप सोडला की पहिली बादलीभर तर चहाचंच पाणी येतं, दिवसभर पाइपात शिजलेलं. ते कुंडीत गेलं की मुळं उकडलीच. हे मला एक अख्खी तुळस घालवल्यावर कळलं. आता आधी बादलीत सोडते आणि निवलं की वापरते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तर घरातून आपोआपच वर येतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणून कुंड्यांवर पसरते, त्यानं ओल टिकते. दोन-तीन दिवस उन्हात चांगली वाळवून मगच घालायची, नाहीतर पुण्यातल्या समस्त मुंग्यांना आमंत्रण जातं. रसवंतीवाला पहिल्यांदा पैसे घेत नव्हता. आता मला बघितलं की पोतं पुढं करतो आणि रस पिण्याची अपेक्षा ठेवतो. उन्हाळाभर मी बागेसाठी रस पिते.

या सगळ्याची भरपाई मोगरा करतो. त्याला जानेवारीच्या अखेरीस पाणी तोडायचं, पानं झाडायची, छाटायचं, मग शेणखत देऊन पुन्हा पाणी सुरू करायचं, की मार्च-एप्रिलमध्ये कळ्या. गजरा होईल इतक्या कधीच निघत नाहीत, वीस-पंचवीस. त्यातल्या दोन सासूबाई माठात टाकतात, दोन देवाला, बाकीच्या वाटीत. कळ्या मोजायचं काम त्यांचं. एखादी कमी भरली तर त्या माझ्या केसांकडे बघतात.

पाण्याचा ताण देऊन बहार धरणं हे खरं तर बागाईतदारांचं शास्त्र. लिंबू, डाळिंब, पेरू यांना ते तीन बहारांतला एक निवडतात: पावसाच्या तोंडावरचा मृग, पाऊस सरतानाचा हस्त, नाहीतर थंडीतला आंबिया. नको असलेल्या वेळी झाड तहानलेलं ठेवायचं, हवं तेव्हा पाणी सोडायचं, की फूल बरोबर आपल्या सोयीनं येतं. मी हे ऐकून ड्रममधल्या लिंबाला डिसेंबरात पंधरा दिवस कोरडं ठेवलं. त्यानं पानं गाळली आणि मनात येईल तेव्हा, म्हणजे भर ऑगस्टमध्ये, फुललं. सात लिंबं आली. सातांपैकी चारांचं लोणचं घातलं. ते लोणचं कुणाला वाढायचं, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

सात जूनच्या आसपास मृग लागतो. पाऊस त्या तारखेला येतोच असं नाही, पण माझी बाग पंचांग पाळते. पहिली दमदार सर झाली की तीन-चार दिवसांत पावसाळी लिली गुलाबी होऊन उभी. तिला नळाचं कितीही पाणी घाला, ती ढिम्म हलत नाही. सर आली की झाली जागी. हा भेदभाव मला थोडा लागतो.

पावसाळ्यात माझं काम कमी व्हायला हवं, प्रत्यक्षात तेव्हाच मी रात्री बॅटरी घेऊन गच्चीवर असते. गोगलगायी! दिवसा एक दिसत नाही, आणि रात्री दहानंतर कोवळ्या वाल-पापडीवर त्यांची पंगत बसलेली असते. मीठ टाकायला माझा हात होत नाही, आणि ते मातीलाही बरं नाही. मग चिमट्यानं उचलून डब्यात, आणि सकाळी डबा टेकडीवर. दोन वर्षांपूर्वी मला टेकडीवर डबा उलटा करताना बघून शेजारचे काका म्हणाले, "रोज कुणाला डबा देता?"

सुरवंटांशी मात्र तह झालेला आहे. लिंबाच्या कोवळ्या पानांवर आधी पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. तेच हे. मोठं होऊन हिरवंगार झालं की बोट लावल्यावर डोक्यातून लालसर शिंगं काढतं आणि असा काही उग्र वास सोडतं की आपणच मागे सरतो. पहिल्या वर्षी मी सगळे सुरवंट वेचून टाकले. मग कुठंतरी कळलं की नीलवंत, म्हणजे आपल्याकडे 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेला तो ब्लू मॉरमॉन, लिंबाच्या जातीच्याच झाडांवर अंडी घालतो. पुढच्या वर्षी लिंबाची एक फांदी त्यांना तोडून दिली, म्हणजे मनातल्या मनात. एका काडीवर कोष धरला. मी रोज चष्मा लावून बघत होते. दोन आठवड्यांनी एका सकाळी पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू दिसलं: काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. साधा कॉमन मॉरमॉन. थोडी हिरमुसले, खोटं का बोला. पण ते उडालं ते थेट मोगऱ्यावरून, आणि आमचे हे 'नीलवंत, नीलवंत' म्हणत नाचले. मी त्यांना सांगितलं नाही.

आणि आघाडा. पावसात कुंड्यांत जे तण येतं ते मी रविवारी उपटते, पण आघाड्याची दोन रोपं ठेवते. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते, गणपतीच्या पत्रीतही तो असतो. बाकीचे दहा महिने कपड्याला चिकटणारं हे काटेरी कुसळ त्या दोन महिन्यांत भलतंच मानाचं. गणपतीच्या आदल्या दिवशी सोसायटीतल्या निम्म्या घरांतून फोन येतात. तेव्हा कुणी रिकाम्या कुंडीबद्दल विचारत नाही, कारण तेव्हा ती हिरवीगार असते.

ऑक्टोबरचं ऊन लागलं की तिची पानं पिवळी पडू लागतात. पहिल्या काही वर्षांत मला वाटायचं, झाड आजारी आहे. मी नर्सरीत धावले. निंबोळी पेंड देऊ का, शेणखत देऊ का, पाणी वाढवू का? नर्सरीवाले दादा पोत्यावर बसून चहा पीत होते. "ताई, तो झोपायला चाललाय," ते म्हणाले, "आता कसलं जेवायला वाढताय?"

मग थंडी. शेवंती, एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीचं पुष्पप्रदर्शन, तिथले हाताच्या पंजाएवढे गुलाब बघून येणारा न्यूनगंड, आणि येताना हमखास घेतलेली पिटुनिया. धने रगडून पेरले की कोथिंबीर आणि महिन्याभरात मेथी. थंडीत जागा कमी पडते आणि सगळ्यांची नजर त्या कुंडीवर जाते. एका वर्षी मीही मोहात पडले आणि त्यात मेथी पेरली. जुडीभर मेथी निघाली, झुणकाही उत्तम झाला. त्या मे महिन्यात मात्र कांद्यानं चार पानं काढली आणि फूल दिलं नाही. मेथीला घातलेलं पाणी त्याला झोपेत बोचलं की त्याची खपली निघाली, कोण जाणे. मी दोष मेथीला दिला.

त्यानंतर एका कुल्फीच्या काडीवर 'आत कांदा आहे' असं लिहून काडी मातीत खोचली. आठवड्यानं सासूबाईंनी विचारलं, "पात कधी निघेल गं? झुणक्यात घालू." काडी काढून टाकली. कामाच्या ताईंनीही एकदा विचारलं, "रिकामीच आहे तर द्या की, तुळस लावते." त्यांना दुसरी कुंडी दिली. त्या तुळशीचं आता झुडूप झालंय, हे त्या मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात.

सध्या एप्रिल संपत आलाय. सासूबाईंच्या कुरडया चालू आहेत, आणि गच्चीवर ताट ठेवायला सपाट, उन्हातली, कुणाच्या पायात न येणारी एकच जागा आहे, त्या कुंडीचा काठ. काल दुपारी वर गेले तर ताट तिथंच होतं, कुरडया कडक वाळलेल्या. मी ताट उचललं, बोटानं माती जराशी उकरून बघितली, आणि ताट होतं तसं परत ठेवून दिलं.