आउट-ऑफ-स्टेटची रांगच वेगळी असते
मागच्या वर्षी लेकीला अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीतून नकार आला. आम्ही दुसऱ्या राज्यातले, म्हणजे तिच्यासाठी आउट-ऑफ-स्टेट. जेवता जेवताच तिने पोर्टल उघडलं, वाचलं, लॅपटॉप मिटला आणि अर्धवट ताट उचलून सिंकपाशी गेली. पाठमोरीच विचारते, "आई, माझं काय कमी पडलं गं?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. खरं तर तिचं काही कमी पडलं नव्हतं, आम्हीच चुकीचा आकडा धरून बसलो होतो.

जो अ‍ॅडमिशन रेट, म्हणजे शंभर अर्जांतले किती घेतले तो आकडा, आपण बघतो ना तो सगळ्यांचा मिळून असतो. पण अमेरिकेतल्या या पब्लिक युनिव्हर्सिट्या त्या त्या राज्याच्या पैशावर उभ्या राहिल्यात, मग घरच्या मुलांना आधी जागा देणारच, आणि ते मला चूकही वाटत नाही. चॅपल हिलचंच, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या स्टेट युनिव्हर्सिटीचंच घ्या, १९८६ पासून नियम आहे की फर्स्ट इयरला बाहेरची मुलं १८ टक्क्यांच्या वर नकोत, म्हणजे शंभरातल्या निदान ८२ जागा नॉर्थ कॅरोलायनाच्या, आणि अर्ज मात्र बाहेरूनच जास्त येतात, उरलेल्या अठरांसाठी बाकीचा अख्खा देश आणि परदेशातली मुलं पण. ऑस्टिनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीत ९० टक्के जागा टेक्सासच्या, त्यातल्या बऱ्याचशा शाळेतल्या रँकवर आपोआप भरतात. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन युनिव्हर्सिटीत मात्र जवळपास निम्मी मुलं बाहेरची, तिथे जरा आशा धरावी, फक्त आउट-ऑफ-स्टेट फी बघून पोटात गोळा येतो.

बर्कली आणि यूसीएलए या कॅलिफोर्नियाच्या युनिव्हर्सिट्या तर अ‍ॅडमिशन देताना एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, बघतच नाहीत, त्यामुळे स्कोअर कितीही भारी असला तरी तिथे अ‍ॅडमिशनसाठी त्याचा उपयोग शून्य. एका मैत्रिणीने विचारलं, मुलाला वर्षभर आधी कॅलिफोर्नियात मावशीकडे ठेवलं तर तो तिथलाच धरतील का? नाही चालत गं, मूल पैशासाठी आपल्यावर अवलंबून असेल तर आई-वडील कुठे राहतात ते बघतात.

मग बघायचं काय, तर त्या युनिव्हर्सिटीचा कॉमन डेटा सेट, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात दिलेली आकडेवारी. त्यात सी-वन म्हणून भाग असतो, तिथे इन-स्टेट (त्याच राज्यातले) आणि आउट-ऑफ-स्टेट अर्ज किती आले, किती घेतले हे आता वेगवेगळं विचारलेलं असतं. बाहेरची घेतलेली मुलं भागिले बाहेरचे अर्ज करा, तोच आपला खरा आकडा.

सध्या धाकट्याची यादी चाललीय. वहीत प्रत्येक नावापुढे इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेट असे दोन रकाने आहेत, आणि ते ताईनेच आखून दिलेत.