काळ्या मातीतले शिशाचे शिपाई: या हंगामाची नोंद

तूर निघाल्यावर आणि नांगरटीआधी, मालकाला विचारून, जालन्याकडच्या दोन वावरांत धातुशोधक यंत्र (मेटल डिटेक्टर) फिरलं. शोध होता जुन्या, खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांचा. तीन तुकडे हाती लागले: बिनमुंडक्याचा पायदळी शिपाई, घोड्याचं धड आणि नुसती एक चौकोनी बैठक. बेसॉल्टच्या मातीत लोह भरपूर असतं, म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राने मातीतलं लोह दुर्लक्षावं यासाठीची जुळणी, दर वावरात नव्याने घ्यावा लागतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा इशारा गाळणं, कमीच ठेवावं. शिसं आणि डब्याची टोपणं यांचे यंत्रावरचे आकडे जवळजवळ येतात, त्यामुळे टोपणं गाळायला गेलं की शिपाईही गळतात.

जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथे हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या) छावण्या होत्या. हे दल १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झालं. म्हणून ‘छावणीजवळ सापडलं, म्हणजे १९०३ च्या आधीचं’ असं धरायचा मोह होतो. ते चूक. किती खोल सापडलं यावर तर मुळीच जाऊ नये. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची वस्तू भेगेत पडते आणि पावसात माती फुगली की भेग मिटते. वीतभर खोल निघालेला तुकडा वरच्या टोपणाहून नवाही असू शकतो.

काळ सांगते ती ओतकामाची रीत. शिपायाची मान तुटली आहे तिथे आतून पोकळी दिसते. साच्यात रस ओतायचा, भिंतीलगतचा थर गोठला की उरलेला परत काढून घ्यायचा, अशी ही पोकळ घडण. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने ती १८९३ मध्ये शिपायांसाठी आणली आणि १९६६ मध्ये शिशाचं काम बंद केलं. म्हणजे हा तुकडा १८९३ च्या आधीचा नाही. पातळ मान हाच या घडणीचा कच्चा दुवा. पोरं काडेपेटीची काडी घालून मुंडकं परत बसवत. मातीत काडी कुजते आणि मुंडकं वेगळं होतं. ते मिळालं असतं तर फार सोपं झालं असतं, कारण ब्रिटिश पोलादी हेल्मेट १९१५ पासूनचं. भरीव तुकड्याला १८९३ ची ही मर्यादा लागू नाही. पत्र्यासारखा चपटा, साधारण ३० मिमीचा निघाला तर आधी न्यूरेंबर्गच्या जर्मन घडणीचा विचार करावा.

साफसफाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात नको, आम्ल शिसं खातं. डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवणंही वाईट: शुद्ध पाण्यातला ऑक्सिजन उघडं शिसं कुरतडतो. जड बोअरच्या पाण्यात झटपट बुडवून स्पिरिटने वाळवावं. तारेचा ब्रश लावला की साच्यातून उठलेली कंपनीची अक्षरं गेलीच. ओलसर बांबूची काडी पुरते. गंजलेल्या शिशावर चढणारी पांढरी भुकटी विषारी असते, ती फुंकू नये, हातमोजे घालावेत. नंतर लाकडी कपाटात ठेवू नये. लाकडातून, विशेषतः प्लायमधून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने भुकटी परत चढते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

घोड्याच्या पोटाखाली अक्षरं शोधली, गंजाच्या थराखाली काहीच नाही. ब्रिटन्सच्या सुरुवातीच्या बैठका गोल किंवा लंबगोल, चौकोनी नंतरच्या. १९०० पासून खाली कागदी लेबल असे, ते मातीत टिकत नाही. पुढे अक्षरं साच्यातच आली. बैठकीवर टॉर्च अगदी आडवा धरल्यावर साच्यातून उठलेल्या तारखेतला महिना आणि ‘१९’ लागले. ही तारीख नमुन्याच्या हक्कनोंदणीची, ओतल्याची नव्हे. तोच साचा पुढे कैक वर्षं चाले. उरलेले दोन आकडे दिसेपर्यंत वहीत ‘१९०० नंतर’ इतकंच.