पुसट कड

स्टेन्सिलने, म्हणजे आकार कापलेल्या पत्र्यातून, रंगवलेल्या चित्राची कड किती धारदार असावी, या प्रश्नावर माझे आणि भाच्याचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

परवा दुपारी फोंड्याला गेलो, तेव्हा तो घरामागच्या पडवीत बसून व्हिडिओ गेमची एक जुनी उभी पेटी पॉलिश पेपरने घासत होता. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने खेळांची खोली मोडली, तेव्हा ती त्याने उचलून आणली. मधल्या काळात कोणीतरी तिच्यावर काळा ऑइलपेंट फासून आत दुसराच खेळ बसवला होता. पण तो थर उतरू लागला तसा खालून पिवळा रंग वर आला, मग एक डोळा, मग एक पाय, आणि पॅकमॅन ओळखू आला. तोरू इवातानी यांनी जपानच्या नामको कंपनीत १९८० साली घडवलेला पडद्यावरचा पॅकमॅन म्हणजे नुसते तोंड असलेले पिवळे वर्तुळ. अमेरिकेतल्या मिडवे कंपनीच्या पेट्यांवर मात्र त्याला पाय आणि डोळे असत. हे चित्र छापून चिकटवलेले नव्हते. पिवळ्या रंगावर प्रत्येक रंगासाठी वेगळा स्टेन्सिल धरून ते फवाऱ्याने मारलेले होते, आणि पत्रा लाकडाला घट्ट चिकटलेला नसल्यामुळे रंगाची बारीक धूळ कडेखाली शिरून बसलेली होती. नखाएवढ्या अंतरात लाल रंग विरत विरत पिवळ्यात मिसळलेला मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

स्टेन्सिल म्हटले की मला आमच्या गावातल्या विजेच्या खांबांवर क्रमांक टाकणारा माणूस आठवतो. डाव्या हाताने पत्रा खांबाला दाबून धरायचा आणि उजव्या हाताने आखूड केसांचा ब्रश उभा ठोकत राहायचे. ब्रश ओढला तर रंग पत्र्याखाली पळतो, हे तो आम्हा पोरांना न विचारता सांगत असे. शून्याचा मधला तुकडा गळून पडू नये म्हणून पत्र्यात दोन पट्ट्या ठेवलेल्या असत, त्यामुळे त्याचे प्रत्येक शून्य दोन ठिकाणी तुटलेले उमटे. पुढे शाळेत पाटीवर मी शून्य तसेच काढू लागलो आणि त्यासाठी बाईंची छडीही खाल्ली.

भाच्याची पद्धत निर्दोष आहे, हे मान्य करायला हवे. चित्र उघडे पडताच त्याने त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून रेषा उतरवून घेतल्या, कारण खड्डे पुट्टीने भरून लाकूड सपाट करताना मूळ चित्र जाणारच असते. आता त्या रेषा संगणकावर चढवून यंत्राने चिकट फिल्म कापून घ्यायची, आधी फिके रंग मारायचे आणि काळा शेवटी, म्हणजे जुळवणीतली फट काळ्याखाली झाकली जाते. ‘मामा, कड ब्लेडसारखी येईल,’ असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. कारखान्यातून निघाली त्या दिवशीही ही पेटी इतकी नीटनेटकी नव्हती. पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी काव खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करत काढलेली चित्रे आहेत. त्यांतली रेषाही हाताबरोबर किंचित थरथरते, आणि ती कोणी पट्टी लावून सरळ केली तर मी पुन्हा त्या देवळात वर मान करून पाहणार नाही.

माझा उपाय साधा आहे: फिल्म चिकटवायचीच नाही, पातळ पत्र्याचा स्टेन्सिल कापून तो वॉशर ठेवून लाकडापासून दोनेक मिलिमीटर उचलायचा आणि लांबून हलका फवारा मारायचा. भाच्याच्या मते हे मुद्दाम केलेले ढिसाळ काम आहे, आणि मुद्दाम केलेले ढिसाळ काम म्हणजे दुप्पट खोटेपणा. या मुद्द्याला माझ्याकडे अजून तरी चांगले उत्तर नाही. तूर्त पेटीचा तळ ओल लागून फुगला आहे, तो कापून नवा जोडावा लागेल, आणि या दमट हवेत लॅकर मारला तर पांढरट पडतो; तेव्हा रंगाचे काम दसऱ्यानंतरच. तोवर भांडायला भरपूर वेळ आहे.