अवारोआची ओहोटी

निघण्याआधीचं पान

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं उत्तर टोक, एबल टास्मन राष्ट्रीय उद्यान. किनाऱ्याची वाट ६० किलोमीटरची, माराहाऊपासून वाइनुईपर्यंत. सॅकची यादी नंतर करता येईल. आज वहीत एकच वेळ लिहायची आहे: अवारोआच्या खाडीत पूर्ण ओहोटी किती वाजता आहे.

या वाटेवर पाणी आडवं येतं अशा जागा बऱ्याच आहेत, पण बाकी सगळीकडे वळसा आहे किंवा पूल आहे. अवारोआला दोन्ही नाही. खाडी चालतच ओलांडायची, तीही पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधीपासून ते दोन तास नंतरपर्यंत. त्या साडेतीन तासांत तुम्ही काठावर नसाल तर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबायचं; दोन ओहोट्यांमध्ये जवळजवळ साडेबारा तासांचं अंतर असतं. आणि ती पुढची ओहोटी रात्रीची असू शकते. अंधारात ही खाडी ओलांडू नये.

आधी दीड तास आणि नंतर दोन, असं का, हे समजून घेतलं की घड्याळाशी हुज्जत घालावीशी वाटत नाही. खाडीचं तोंड अरुंद आहे. बाहेर समुद्र उतरला तरी आतलं पाणी निचरायला वेळ लागतो. परतीचं पाणी आधी सावकाश चढतं, मग वेगाने. ढोबळ हिशेब असा: ओहोटी ते भरती या सहा तासांत पाण्याची एकूण चढ बारा भागांत धरली, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. या भागात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या घरात जातो. तेव्हा पहिल्या दोन तासांत पाणी सुमारे एक मीटर चढतं, आणि तिसऱ्या एकाच तासात आणखी एक मीटर. 'अजून थोडा वेळ चालेल' असं ज्याला वाटतं, तो नेमका त्या तिसऱ्या तासात खाडीच्या मधोमध असतो.

वेळापत्रक वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं. हातातल्या तक्त्यात तो तास धरलाय की नाही, हे तक्त्याच्या तळटीपेत बघायचं. दुसरं, ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मुक्काम एका दिवसाने हलवला की सगळं गणित हललं.

आता मुक्काम बसवायचे. ओहोटी दुपारी १ ला असेल तर खाडी साडेअकरा ते तीन खुली. बार्क बे ते अवारोआ साडेचार तासांची चाल, म्हणजे साडेसातला निघालं की बाराला पाण्याशी, आणि पुढे तोतारानुईचे दोन तास निवांत. ओहोटी सकाळी ८ ला असेल तर आदली रात्र अवारोआलाच काढलेली बरी. हट (वाटेवरची मुक्कामाची घरं) आणि तंबूच्या जागा वर्षाच्या कुठल्याही महिन्यात आधीच आरक्षित कराव्या लागतात, म्हणून हा हिशेब बुकिंगच्या आधीचा आहे. बरेच जण आधी तारखा पक्क्या करतात आणि मग तक्ता उघडतात. तिथून पुढे पाण्याची वेळ बदलता येत नाही आणि बुकिंगही सहसा मिळत नाही.

माराहाऊ ते अँकरेज, १२.४ किमी

चार तास, वाट रुंद, चढ सौम्य. ओढ्यांवर पूल आहेत. या टप्प्यावर पायाखाली बघायची गरज पडत नाही, म्हणून जंगलाकडे बघावं. हे सगळं जुनं अरण्य नाही. इथे झाडं तोडली गेली, डोंगर जाळले गेले, गुरं चरली. उजाड कण्यांवर आज दिसतो तो कानुका, परत येणाऱ्या जंगलाची पहिली फळी. घळींत ओल टिकते तिथे वृक्षनेचे केव्हाच दाट झालेत. निसर्गरक्षक पेरीन मॉन्क्रीफ यांनी ही जमीन लाकूडतोडीपासून वाचवण्यासाठी पाठपुरावा केला आणि १९४२ मध्ये उद्यान झालं. जाळलेल्या डोंगरावर पुन्हा सावली उभी राहते हे इथे चालता चालता दिसतं, आणि त्याचं मोल मला या वाटेवरच्या कुठल्याही सोनेरी पुळणीपेक्षा जास्त वाटतं.

अँकरेज ते बार्क बे

टॉरेंट बेची खाडी ओहोटीत ओलांडली तर हा टप्पा ८.४ किमी, काठाने वळसा घेतला तर ११.५. वळशाला साधारण तासभर जास्त लागतो. अवारोआची वेळ चुकेल अशी धास्ती नसेल तर वळसाच घ्यावा. पायही कोरडे राहतात. पुढे फॉल्स रिव्हरवर ४७ मीटरचा झुलता पूल आहे.

या भागात काही बीच वृक्षांची खोडं काजळी फासल्यासारखी काळी दिसतात. जवळ जाऊन बघावं, हात लावू नये. सालीतून केसाएवढी बारीक पांढरी नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला स्वच्छ थेंब लोंबत असतो. सालीआड बसलेला एक खवलेकीटक झाडाचा रस पितो आणि उरलेली साखर अशी बाहेर टाकतो. तो थेंब तुई आणि बेलबर्ड हे पक्षी पितात. खाली सांडलेल्यावर काळी बुरशी वाढते, तीच ही काजळी. परदेशातून आलेल्या गांधीलमाश्या हाच थेंब पळवतात. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची संख्या वाढते आणि पक्ष्यांच्या वाट्याला फार थोडं उरतं. विसाव्याला अशा खोडाला टेकणाऱ्याला हमखास डंख बसतो. डंखाची अॅलर्जी असेल तर औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात हवं, तळाशी नको.

बार्क बे ते अवारोआ, १३.५ किमी

ओनेताहुतीच्या लांब पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूवरून चालावं. कोरडी वाळू पोटऱ्या दमवते. ही वाळू ग्रॅनाइटची, जाडसर आणि खरखरीत. मोज्यात चिमूटभर शिरली तरी दोन तासांत टाचेला फोड येतो. पुळण संपली की थांबून बूट झटकायला जी पाच मिनिटं जातात ती वाया जात नाहीत. समोरचं पाणी टोंगा बेटाच्या सागरी अभयारण्याचं, १९९३ पासून. मासेमारीही नाही आणि शिंपले वेचणंही नाही.

थांबलात की सँडफ्लाय येतात. काळी, बारीक माशी, चालत्या माणसाला सहसा गाठत नाही, बसलेल्याचे घोटे धरते. म्हणून विसावा वारा लागेल अशा जागी, पायमोजे वर ओढून.

आता खाडी. पाण्याला भिडण्याआधी बूट काढून सॅकला वर बांधायचे आणि सँडल घालायच्या. अनवाणी नको, तळाशी फुटक्या शिंपल्यांची धार असते. सॅकमध्ये आतून जाड प्लास्टिकची पिशवी घातलेली असावी. झोपायची पिशवी आणि कोरडे कपडे तिच्यात. पलीकडच्या काठावरची नारिंगी खूण नजरेत धरून सरळ निघायचं. मधल्या प्रवाहात पाणी गुडघ्याच्या आसपास असेल, तिथे कमरेचा पट्टा सोडावा, म्हणजे तोल गेलाच तर सॅक पटकन टाकता येते. दोनदा थांबून फोटो काढण्याइतका वेळ असतो, जेवणाइतका नसतो. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर नद्यांचं पाणी ओहोटीतही खाडीत साचून राहतं. अशा वेळी अगदी पूर्ण ओहोटीची वेळ साधावी. हवेचा दाब उतरला असेल तर समुद्र तक्त्यापेक्षा वर असतो, दर हेक्टोपास्कलला साधारण एक सेंटीमीटर. वादळी दिवशी दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तेव्हा तक्ता काहीही म्हणो, पाणी बघूनच पाय टाकायचा.

पलीकडे पाय नीट पुसून, बोटांमधली वाळू काढून, कोरडे मोजे घालायचे. हे टाळलं की उरलेली वाट लंगडत जाते.

अवारोआची एक पुळण खासगी मालकीची होती. २०१६ मध्ये ती विक्रीला निघाली, तेव्हा हजारो लोकांनी वर्गणी काढून २० लाख न्यूझीलंड डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि जमीन उद्यानाला देऊन टाकली. तिथून चालणारा प्रत्येक जण त्या वर्गणीवर चालतोय, हे ठाऊक असावं.

या वाटेवरच्या हटमध्ये गादी मिळते, स्वयंपाकाची सोय नाही. स्टोव्ह, गॅस, भांडं आपलं. पाणी उकळून घ्यावं. कचरापेटी कुठेही नाही, सगळं परत न्यायचं. वेका हा तपकिरी, न उडणारा पक्षी तंबूच्या दारातून खाऊची पिशवी उचलून झाडीत पसार होतो. एकदा कुणी खायला घातलं की पुढच्या प्रत्येक तंबूशी तो धीटपणे येतो. त्याला काही देऊ नये.

अवारोआ ते वाइनुई

तोतारानुईच्या पुढे वॉटर टॅक्सी जात नाही, त्यामुळे गर्दी ओसरते. मटन कोव्हपासून सेपरेशन पॉइंटचा फाटा घ्यावा. तिथे फर सील असतात; २० मीटरचं अंतर ठेवायचं आणि सील व समुद्र यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. कड्यावर गॅनेट पक्षी दिसतील, त्यांतले बरेच नकली आहेत. खऱ्यांनी इथे वसाहत करावी म्हणून ते मांडलेत. पश्चिमेला दिसतो तो गोल्डन बे. डिसेंबर १६४२ मध्ये डच दर्यावर्दी एबल टास्मनची दोन जहाजं तिथे नांगरली, न्गाती तूमाताकोकिरी या माओरी जमातीच्या लोकांशी झालेल्या चकमकीत त्याचे चार खलाशी मेले, आणि तो या देशाच्या जमिनीवर पाय न ठेवताच निघून गेला.

फारीफारांगीचा हट म्हणजे डागडुजी केलेलं जुनं शेतघर. तिथून वाइनुई ५.७ किमी, दोन तास, मध्ये एक खिंड. वाटेच्या टोकाला होडी नाही, म्हणून गाडी आधीच ठरवलेली हवी, आणि माराहाऊला परतायचा रस्ता ताकाका डोंगर चढून जातो, तेव्हा त्याच संध्याकाळचं पुढचं तिकीट काढू नये.